बारा पिशव्यांतलं बी

नायमेखन,
८ ऑगस्ट २०२१

प्रिय ताई,

काल शैलेंद्रभावोजींचा फोन आला होता. तू ताटावरून अर्ध्यात उठतेस, मुलांशीही कामापुरतं बोलतेस आणि काही विचारलं की एकच म्हणतेस, ‘मी बोलावलं नसतं तर अण्णा मृदुलाकडे सुखरूप राहिले असते.’ मी तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा मुलांच्या ऑनलाइन शाळेची चौकशी केली आणि ठेवून दिला. जे सांगायचं ते तोंडातून निघत नाही, म्हणून लिहिते आहे. भावोजींना स्कॅन पाठवते, ते प्रिंट काढून देतील.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. इथल्या मातीत पूर्वी सोयाबीन नव्हतं, त्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणूही नाहीत. ते बियाण्याला लावूनच द्यावे लागतात, तेव्हा कुठे झाडाला हवेतलं नत्र मिळतं. त्यात इथला मे महिना म्हणजे आपल्या उदगीरची थंडी. गार मातीत हे जिवाणू कामाला लागायला वेळ घेतात. गारठ्यातही टिकतील असे निवडून त्यांचा लेप बियाण्यावर बसवायचा, हे आमच्या छोट्या कंपनीचं काम. अण्णांना ऐकून हसू आवरेना. कृषी सहाय्यक म्हणून तेहतीस वर्षं गावोगाव त्यांनी हेच तर केलं होतं. ताडपत्री पसरा, गुळाचं पाणी उकळून गार करा, जिवाणूंचं पाकीट त्यात कालवा, हलक्या हाताने बियाण्याला लावा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. ‘एवढ्यासाठी पीएचडी केलीस होय गं?’ म्हणाले.

गेल्या वर्षी सहा आठवड्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले, हे तुला माहीतच आहे. पण ते इथे रमले होते, ताई. बाल्कनीत मेथी लावली. समोरच्या म्हातारबुवांना रोज सकाळी डच भाषेत ‘खूदमॉर्खन’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचे आणि मग माझ्याकडे असं बघायचे, जसं काही परीक्षेत पहिले आले आहेत. दुपारी वाल नदीच्या बांधावर फिरून यायचे आणि कुणाच्या शेतात काय उगवलं याचा अहवाल द्यायचे. मी कॉलवर असले की तोंडावर बोट ठेवून चहाचा कप माझ्याजवळ सरकवायचे.

त्या मेमध्ये लॅबमध्ये एका वेळी एकालाच परवानगी होती, म्हणून पेरणीचं बियाणं मी घरी आणून पिशव्यांत भरलं. बारा पिशव्यांतलं बी मुद्दाम तसंच ठेवलं होतं, बिनलेपाचं. त्याचं पीक पिवळं पडतं, आणि शेजारचं हिरवं राहतं, तेव्हाच लेपाचा गुण सिद्ध होतो. अण्णांना मी हे सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नाही, त्यांना सगळं कळतं असं मी धरून चालले होते. मी लॅबमध्ये गेल्यावर त्यांनी त्या पिशव्या उघडून पाहिल्या. फ्रिजमध्ये दह्याशेजारी जिवाणूंची उरलेली पाकिटं होतीच. त्यांनी गूळ उकळला, जुनी चादर पसरली आणि बाराही पिशव्यांतल्या बियाण्याला हाताने लेप दिला. सुकवून पुन्हा होतं तसं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेतमालकाने एकट्यानेच सगळं पेरलं, तेव्हा आम्हाला शेतात जायची मुभा नव्हती.

जुलै उजाडला, पण बिनलेपाच्या ओळी काही पिवळ्या पडेनात. मी एक झाड उपटलं तर मुळांवर गाठी. नखाने फोडली, आतून गुलाबी, म्हणजे उत्तम काम करणारी. सात तारखेला घरी येऊन अण्णांना विचारलं. तर ते किती समाधानाने म्हणाले, ‘तू घाईत विसरली होतीस. मी करून टाकलं. बोललो नाही, म्हटलं पोरीला ओशाळल्यासारखं व्हायला नको.’

माझं वर्ष वाया गेलं होतं. वरिष्ठांना काय सांगू, या भीतीने डोकं फिरलं होतं. पण ही सबब नव्हे, ताई. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, ‘तुमची गुळाची बादली घेऊन उदगीरलाच बसायचं होतं. इथे कशाला आलात?’ अण्णांनी माझा कप आणि त्यांचा कप धुतला, पुसून जागेवर ठेवला.

यंदा प्रयोग पुन्हा केला. अण्णा तुझ्याकडे कोरोनाने गेले, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. या वेळी बिनलेपाच्या ओळी अगदी वेळेवर पिवळ्या पडल्या, लेपाच्या हिरव्यागार. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी बांधावर बसून रडले. त्या पिवळ्या ओळी माझ्याने बघवत नव्हत्या. अण्णांनी एकही ओळ अशी राहू दिली नसती.

आता तो कागद बघ, जो सोबत जोडला आहे. अडकलेल्यांना परत नेणाऱ्या वंदे भारतच्या विमानासाठी दूतावासाकडे केलेली ही नावनोंदणी. मी तसं बोलले त्याच्या दुसऱ्याच सकाळी अण्णा म्हणाले, माझं नाव घाल. मी घुश्शातच होते. स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, परत जायचं कारण काय लिहू? ‘इथलं काम झालं, असं लिही,’ म्हणाले. मी लिहिलं. ‘थांबा’ असं काही मी म्हणाले नाही. वरची तारीख वाच, ८ जुलै. कोरोनाच्या घरोघर सर्वेक्षणाची ड्यूटी लागली, मुलांना कुणाजवळ ठेवू, म्हणत तू रडत फोन केलास तो ११ जुलैला. मी माझ्या फोनमध्ये तपासलं आहे. तू बोलावलंस म्हणून ते निघाले नाहीत गं, माझ्या बोलण्याने ते आधीच निघाले होते. तुझा फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाले, ‘प्रमोदिनीला माझी गरज आहे.’ चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते घालवून दिल्यासारखे जाणार होते, ताई. तू बोलावलंस म्हणून ते ताठ मानेने गेले. आज पोटभर जेव.

तुझीच अपराधी धाकटी,
मृदुला