न धुतलेला रुमाल

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज आईचा रुमाल डोक्याला बांधून कामावर गेले. ठरवलं नव्हतं. निघताना खुंटीवर दिसला आणि बांधला. राखाडी, सुती, कडेला बारीक निळी रेघ. आई जाऊन दीड महिना झाला, पण कपाळाच्या जागी अजून तिच्या तेलाचा आणि बामचा वास आहे. म्हणून धुतलेला नाही. धुणारही नाही.

आमच्यात बाईनं घराबाहेर डोकं झाकायचं. आईने जन्मभर झाकलं, मी कधीच नाही. ती म्हणायची, "एकदा बांध तरी गं, कशी दिसतेस बघू." मी म्हणायचे, "मला नाही जमत ते." एवढंच. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर निदान आठवायला काहीतरी असतं.

बिस्किटांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून तुटकी वेचायची, हे माझं काम. कारखान्याच्या निळ्या जाळीच्या टोपीखाली रुमाल होता. दुपारपर्यंत कुणाला दिसला नाही. मग सुपरवायझरला दिसला. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण बोलण्याआधी दातांतून शीळ घालतो.

"ताई, हे काय नवीन?"

"थंडी वाजते," म्हणाले. भट्टीपासून चार हातांवर! मला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शिट्टीने आज गेटवरच अडवलं. नियम आहे — आत कंपनीच्या जाळीशिवाय डोक्यावर काही नको. घरच्या कापडाचे धागे पिठात पडतात. नियम चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. मागे एकदा बिस्किटात लोकरीचा धागा निघाला होता, तो मीच पकडला होता.

रुमाल काढून डब्याच्या पिशवीत ठेवला. शेजारी भट्टीवरची मावशी उभी होती. तीही तिचा काढून घडी घालत होती. रोज घालते म्हणे. इतकी वर्षं माझं कपाट तिच्या कपाटाला लागून, आणि मला हे कधी दिसलंच नाही!

"बघतेस काय?" मावशी म्हणाली. "मी देवाला गेटवरच सांगते, बाबा रे, सुटेपर्यंत तिकडं तोंड कर." स्वतःच हसली. मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "पण तू गं कधीपासून?"

मी हात धुवायला गेले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आईचा दुसरा रुमाल सापडत नाही. पांढरा, घरी कामं करताना बांधायची तो. सगळी कपाटं पालथी घातली. बाबांनी तिचे कपडे बांधून देऊन टाकले, त्यातच गेला असणार. मला विचारलंही नाही! "वस्तू राखून माणूस परत येतं का?" हे वर.

आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस नाही. जेवतात, फिरून येतात, बातम्या लावतात. मला राग येतो. इथे लिहिते, तोंडावर बोलणार नाही.

चादरी धुवायला काढल्या तर उशीचा अभ्रा देईनात. "असू दे. मळलेला नाही." चांगला काळपट झालाय! हल्ली आळस भरलाय त्यांच्या अंगात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मावशीने माझं युनियनच्या दादांना सांगितलं. कुणी सांगितलं होतं तिला! दादा जेवणाच्या सुट्टीत आले. मावशी, भट्टीवरच्याच आणखी दोघी आणि मी, चौघींनी मिळून, आत रुमाल बांधू द्या, अशी मागणी करायची म्हणतात. म्हटलं, मला यात ओढू नका.

मावशी म्हणाली, "आम्ही बोललो की म्हणतात, आलं जुनं रडगाणं. तुझं तसं नाही. तू कधी कशाला नाही म्हटलेलं नाहीस. गाय बोलली तर लोक थांबून ऐकतात गं."

गायच ठरले. हसू आलं, खूप दिवसांनी. मग नाही म्हणता आलं नाही.

हल्ली कामावर रुमाल पिशवीतच असतो. सुटल्यावर बांधते, घरी पोचेपर्यंत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मॅनेजरसाहेबांनी मावशीला आणि मला बोलावलं. माणूस वाईट नाही. खुर्च्या मागवल्या, पाणी दिलं. स्वच्छतेच्या मॅडम होत्या, दादा होते.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही आधी बांधत नव्हता. आता एकदम?"

"आई गेली."

"हो, कळलं. वाईट झालं." पेला माझ्याकडे सरकवला. "पण मग हा रुमाल दुःखाचा की धर्माचा? धर्माचा असेल तर विचार करता येतो. दुःखासाठी आपल्याकडे रजा आहे, ती तुम्ही घेतलीत."

बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती. मनगटावर भट्टीचे डाग. माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी काय म्हणते त्यावर तिचं सगळं होतं.

"धर्माचा," मी म्हणाले.

आईला जे कधी दिलं नाही, ते मॅनेजरला दिलं.

परवानगी मिळाली. अट मॅडमनी घातली — रुमाल आपापला चालेल, पण आत येणारं कापड कारखान्याच्याच लाँड्रीत उकळून निघणार. इथेच ठेवायचा, इथेच बांधायचा. चौघींनी सोमवारी आणून द्या.

"धुवायचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग काय! फुकटात धुऊन मिळेल," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाजारातून नवा रुमाल आणला. राखाडीच. तो देईन. आईचा पिशवीतच राहील. सोपं तर आहे — उगाच दोन रात्री तळमळले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडम चिकटपट्टी घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक रुमालावर दाबायची, उचलायची, उजेडात धरून धागे बघायचे. मावशीचा पास. त्या दोघींचे पास. माझ्या नव्यावर पट्टी लावली तर नुसती लव निघाली. नवं कापड धागे सोडतंच. हे मला कळायला नको? एवढी वर्षं पट्ट्यावर उभी आहे!

"हा नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. "साहेबांनी चौघींची मिळून सुरुवात करायला सांगितलंय. एक नापास म्हटलं की मला फाइल परत वर पाठवावी लागेल. मग पुढच्या वर्षीच."

त्या दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

आणि मावशी म्हणाली, "अगं, तुझा जुना आहे की पिशवीत! दे ना तो. मऊसूत आहे, एक धागा सुटायचा नाही."

आनंदाने म्हणाली. तिला काय माहीत. मी कुणाला सांगितलंय?

काढून दिला. मॅडमनी पट्टी लावली. कपाळाच्या जागी लावली. पट्टी स्वच्छ निघाली. "पास!" म्हणाल्या, आणि रुमाल त्या मोठ्या पिशवीत बाकीच्यांवर टाकला.

हुंगून घ्यायचा राहिला. तेवढं एक मिनिट मागायला हवं होतं. काय म्हणून मागणार होते?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

परत मिळाला. इस्त्रीने कडक. कोपऱ्यात माझा नंबर शिवलेला. निळी रेघ फिकी झाली.

मावशी आज पहिल्यांदा रुमाल बांधून भट्टीपाशी उभी राहिली. "देवाला आज आत घेऊन आले," सगळ्यांना सांगत होती. "म्हटलं, बघ बाबा, काय उकाड्यात काम करतो आम्ही!" शिट्टीसुद्धा हसला. मग ती माझ्यापाशी आली, माझी गाठ सैल होती ती सोडून नीट बांधली, आणि माझ्या गालाला हात लावला. "तुझी आई बघत असेल बघ."

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. तिला वाटलं, एकाच गोष्टीसाठी. तसंच वाटू दे.

रुमालाला साबणाचा वास येतो. आता रोज बांधावा लागेल. सोडला तर म्हणतील, धर्म नव्हताच. मग त्या तिघींचं काय?

बुधवार, १९ नोव्हेंबर

बांधला. काढला. लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

बाबा केस कापायला गेले तेव्हा त्यांच्या उशीचा अभ्रा धुवायला ओढून काढला. आतून पांढरा रुमाल पडला. आईचा. कपाळाच्या जागी तेलाचा डाग तसाच.

हुंगला नाही. होता तसा घडी करून आत सरकवला, अभ्रा चढवला, उशी जागेवर ठेवली.

बाबा आले. उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धुतलास का अभ्रा?"

"नाही," म्हटलं. "मळलेला नव्हता."