कैलासवासी बुधाजी चहा पिऊन गेले

आधी आली ती दर्यापूरची तानुबाई. ओट्यावर बसली अन् पदर डोळ्याले लावून रडू लागली, का बुधाजी गेले अन् मले कोणी कळवलं नाही. (जयवंता, हे पत्र अमरावतीहून तुझ्या मोठ्या बहिणीचं, पार्बताचं, हे लिहायचं राहूनच गेलं. तुले अन् तुझ्या लेकरांले आशीर्वाद. अकोल्याच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच.) बुधाजी म्हणजे आपल्या मनकर्णेच्या, माझ्या नातीच्या, होणाऱ्या नवऱ्याचे, गोवर्धनचे, चुलत आजोबा. सख्खे आजोबा नत्थुजी कधीचेच वारले. पोराले लहानाचं मोठं केलं ते बुधाजीनं. तानुबाईचा सूर चांगला लागला होता, तेवढ्यात दारात टांगा थांबला अन् धामणगावच्या व्याह्यासोबत बुधाजी स्वतः उतरले. तानुबाईचं रडणं जागीच थांबलं, तोंड मात्र उघडंच राहिलं.

बाई, चूक माझीच. लग्नपत्रिकेच्या मजकुराच्या दोन नकला केल्या होत्या, एक आपल्याकडे, एक धामणगावले. दोन्हीकडून दुरुस्त्या होऊन आल्या. छापखान्यावाला म्हणे, मले एकच कागद द्या. केशवराव (माझा लेक असा, का घरात लग्न अन् हा संत्र्याच्या बागेत) काही हाती लागेना. म्हणून मीच कात्री अन् खळ घेऊन बसली. दुसरी शिकलेली बाई मी, पण युक्ती नामी काढली. जिथं एकानंच बदललं तिथं त्याचं घ्यायचं, जिथं दोघांनी बदललं तिथं दोघांचंही चिकटवायचं, कोणी रुसायले नको. (म्हणून जेवण सकाळी बी आहे अन् रात्री बी.) मनातून लय खूश झाली होती.

पण मूळ कागदावर होतं, नत्थुजींचे नातू. केशवरावनं नावाआधी 'कै.' लिहिलं, बरोबरच होतं. धामणगावनं नत्थुजी खोडून बुधाजी लिहिलं, ज्यानं वाढवलं त्याचं नाव पाहिजे म्हणून, तेही बरोबरच. मी दोघांचं बरोबर घेतलं अन् जित्या माणसाले कैलासवासी केलं. तशीच पत्रिका छापून दर्यापूरपर्यंत पोचली.

बुधाजी रागावले असते तर बरं झालं असतं. चहात साखर जास्त टाकायले लावली, म्हणे, "मेल्यावर कोण मनाई करते?" मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "पार्बताबाई, जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं."  आता, कैलासवाशानं लग्नात कशाले यायचं म्हणून, अक्षता टाकायले येत नाही म्हणतात, अन् ते नाही आले तर गोवर्धन बोहल्यावर उभा राहत नाही. मनकर्णा माझ्याशी बोलणं सोडून राहिली. नवी पत्रिका छापू म्हटलं, तर व्याही म्हणे, आधी कागद दाखवा.

ता. क. तुझ्या सुनेले घेऊन लवकर ये. ती सातवी शिकली आहे. सारा कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवायचा, एवढंच काम. नुसते तुकडे पाहू नये, हे मले आता समजलं.

आणखी ता. क. धामणगावचा नवा कागद आला आहे, अन् केशवरावनं आपला वेगळाच लिहून ठेवला आहे. मी खळ शिजवली आहे. म्हणून म्हणते, लवकर ये.

शेवटचं. पाहुणे सोमवारी परत येतो म्हणाले. मी बुधाजीले विचारलं, तुमी? टांग्यात चढता चढता म्हणाले, "येईन ना, जिता राहिलो तर."