होडीतली माणसं मोजू नयेत

बा, काल त्या बेटावर जाऊन आले. नातीच्या शाळेची सहल होती, तिच्या बाईंना मदतीला म्हणून मलाही नेलं. महाल तसाच उभा आहे, बिनछपराचा. मागची टप्प्याटप्प्यांची बाग मात्र रानानं गिळली. सगळ्यात वरच्या टप्प्यावरचं पाण्याचं खोल, उघडं टाकं अजून आहे म्हणतात. मी वर गेले नाही. माझ्यानं चढवलंच नाही.

माझ्या शाळेची सहल इथे आली तेव्हा इंग्रज जाऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या बाई पुण्याकडच्या, मुलींना महाल दाखवायची त्यांना भारी हौस, आणि होडी तुझी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बाई बोट नाचवत आम्हाला मोजायला लागतात आणि तू शिडाची दोरी हातात धरून म्हणतोस, "बाई, होडीत मानसं मोजू नका. दर्या आयकतो." मुली हसतात. बाई आधीच पाण्याला भ्यालेल्या, त्या मोजणं सोडून देतात. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

महालात वटवाघळांचा वास होता. बाई सांगत होत्या, इथे कारंजी उडायची, इथे बडी माणसं वारा खात बसायची. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं लक्ष नव्हतं, तिला वरच्या टप्प्यावरचा सोनचाफा हवा होता. दुपार कलली तसा वारा फिरला, पाणी काळं पडलं आणि तू खालून हाका मारल्यास, "चला, बसा लवकर." आम्ही धावत येऊन बसलो. कुणी मोजलं नाही. किनाऱ्याला लागल्यावर मैत्रिणीची आई शेवटची मुलगी उतरेपर्यंत उभी राहिली, मग पुढे येऊन रिकाम्या होडीत वाकून बघू लागली. तिचं ते वाकणं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

माणसं तुला परत बेटाकडे जाण्यापासून अडवत होती. वारा पडू दे, बेटावर आपलीच घरं आहेत, पोर उपाशी राहायची नाही. तू एवढंच म्हणालास, "वर टाकं हाय. नि मोजू नका म्हनलं ते मीच." माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवलास आणि एकटाच निघालास. मैत्रीण तेव्हा बेटावरच्या एका कोळणीच्या चुलीपुढे पेज पीत बसली होती, ओच्यात चाफा घेऊन. तुझं वल्हं राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत मिळालं. तू नाहीच मिळालास. आई मरेपर्यंत म्हणायची, "दर्याला मोजावं लागत नाय."

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, बा. तरी तुझा शब्द मोडवत नाही. घरात जेवायला बसलेली माणसं मी मोजत नाही, टोपलीतल्या भाकऱ्याही नाही. पण काल परतताना वारा तसाच फिरला आणि होडीवाल्या पोरानं विचारलं, "आजी, किती मानसं?" आता मोजावंच लागतं, नियम आहे. मी मोजलं आणि एक जास्त सांगितला. त्यानं पुन्हा मोजलं. "एक कमी भरतोय. कोन राह्यलं?" मी महालाकडे बघितलं आणि म्हटलं, "थांब जरा. येतोय तो."

पोरगा बिचारा खरंच थांबला. हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहिलं. घरी कुणाला सांगितलेलं नाही.