बँडमास्तरांचे डोळे

आबा,

तुमचं चित्र मी गेल्या महिन्यात भिंतीवर लावलं. इतकी वर्षं ते ट्रंकेत पालथं होतं, तुम्हीच ठेवलेलं. खिळा ठोकला, काढला, पुन्हा ठोकला, या वयात! दुसऱ्या लेकींना बापाकडून नाक मिळतं, रंग मिळतो. मला तुमच्याकडून चित्राची भीती मिळाली.

दिवसभर तुम्ही रेल्वेच्या पाट्या रंगवायचात आणि संध्याकाळी मेलेल्या माणसांची चित्रं काढायचात. आसपासच्या गावांत, कान्ह्याला, वराळ्याला कुणी वारलं की माणूस लोणावळ्याला तुमच्याकडे धावत यायचा. उचलण्याआधी तुम्ही चेहरा बघून यायचात आणि मग घरी बसून कोळशानं काढायचात. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळी आंघोळ करून. "जित्या मानसाचं काढू न्हाई. त्याचं आयुष्य कागदावर उतरतं," म्हणायचात. तुमच्या हातात कोळसा दिसला की आई मला पदराआड घ्यायची. लपाछपी म्हणतात ती आपल्या घरी अशी चालायची.

लढाईच्या दिवसांत टेकडीवरच्या हॉटेलात सुट्टीवरचे गोरे सोल्जर यायचे आणि त्यांच्यासाठी बँड यायचा. त्या बँडचा मास्तर क्यूबा नावाच्या बेटावरचा, सावळा, पोट सुटलेला. जॅझच्या पितळी कर्ण्यांशेजारी त्यानं आपल्या बेटावरचे, हातानं वाजवायचे उंच ढोल आणून बसवले होते. असं करणारा हाच पहिला, असं हॉटेलातली माणसं सांगायची. जवळच्या कुरवंडे गावची माणसं रस्त्यावर उभी राहून ऐकायची आणि ह्यानं आपलाच ढोल चोरला म्हणायची. हॉटेलच्या दाराशी लावायला त्याचं चित्र हवं होतं. मालकाला तुम्ही नाही म्हणालात, तर हा स्वतःच आपल्या ओट्यावर येऊन हात जोडून उभा राहिला. दारात आलेल्याला नाही म्हणणं तुम्हाला कधी जमलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आपला ब्रह्मराक्षस पाटावर बसून गुळाचा चहा प्यायचा आणि बोटांनी पाटावरच ताल धरायचा.

दोन दिवस तो बसला. डोळे तेवढे राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच्याऐवजी हॉटेलचा खानसामा आला. "सायबाला हिवताप भरलाय. लय वाईट हाय," एवढं सांगून गेला. मला अजून दिसतं, त्या बिनडोळ्यांच्या चेहऱ्यासमोर तुम्ही उकिडवे बसला आहात. आई म्हणते, "फाडून टाका ते." तुम्ही म्हणता, "फाडलं आन् त्यो गेला तर? माज्याच हातानं गेला म्हनायचा." पुरं करवत नाही, फाडवत नाही. मी दाराची चौकट धरून उभी आहे.

तेवढ्यात कुरवंड्याची सरपणवाली मावशी आली. तिनं मोळी टेकवली, भिंतीशी उभं केलेलं चित्र बघितलं आणि आईच्या परडीतलं झेंडूचं फूल उचलून त्याच्यापुढे ठेवलं. हात जोडले.

"कवा गेलं वो?"

तिची काही चूक नव्हती. आपल्याकडे माणसाचं चित्र भिंतीशी लागतं ते माणूस गेल्यावरच. पण तुमचा चेहरा चुन्यासारखा झाला. ते फूल मुठीत घेऊन, डोक्याला टोपी नाही की पायात वहाणा नाहीत, तुम्ही टेकडीकडे पळत सुटलात.

पुढचं तुम्ही आईला सांगितलंत ते मी ऐकलं. तो जिवंत होता, घोंगड्यांखाली हुडहुडत होता. तुम्ही रडत रडत सगळं सांगितलंत आणि खानसाम्यानं ते त्याला समजावलं. तो दात वाजत असतानाच हसायला लागला. जेवणाचे पदार्थ लिहिलेलं हॉटेलचं एक कार्ड त्यानं उलटं केलं, तुमच्याच खिशातला कोळसा मागितला आणि त्यावर तुमचा चेहरा काढला. खानसामा म्हणाला, "सायब म्हंत्यात, आता तुमचाबी जीव त्यांच्या कागदात हाय. तवा नीट बघा त्यांच्याकडं."

त्यानं चेष्टा केली होती. तुम्हाला ती खरी वाटली, आणि तुमच्यामुळे आम्हाला. ताप उतरेपर्यंत तुम्ही त्याच्या उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिलात. तो मेला की माझे आबा मरणार, एवढंच मला कळत होतं. कुठल्या बेटावरच्या ढोलवाल्यासाठी मी देवीला नवस बोलले, पण देवीलाही ठाऊक असणार तो कुणासाठी होता.

तो वाचला. त्याचे डोळे तुम्ही त्याच्यासमोर बसून काढलेत आणि ते हसरे उतरले. चित्र हॉटेलच्या दाराशी लागलं. पुढे बँड गेला, हॉटेलही गेलं, चित्राचं काय झालं कोण जाणे. ते कार्ड मात्र तुम्ही ट्रंकेत पालथं घातलंत आणि मरेपर्यंत कुणाला सरळ करू दिलं नाहीत. चांगले म्हातारे होऊन झोपेत गेलात. गावोगावच्या मेलेल्यांची चित्रं काढलीत, पण तुमचं काढायला कुणी नव्हतं. एवढं एक कार्ड आहे. नाक वाकडं, एक कान मोठा. डोळे मात्र तुमचेच, घाबरलेले.

हे पत्र त्या कार्डामागे सरकवून ठेवते, दुसरं कुठे टाकणार? सून रोज विचारते, आबांना हार आणू का. मी म्हणते, फुलं देवालाच पुरत नाहीत. खरं सांगू, आबा? हार घातला की कुणीतरी दारात येऊन विचारेल, कवा गेलं वो? आणि मग मला सांगावं लागेल.