पहिल्या फेरीअखेर आघाडीवर: डॉ. उपासना माळगे यांचे मृत्युपत्र

मी, डॉ. उपासना भीमरत्न माळगे, वय सहासष्ट वर्षे, निवृत्त दंतवैद्य, राहणार निपाणी, जिल्हा बेळगावी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना "मॅडम, या वयात इलेक्शन?" असे त्यांनी विचारले. ते दाखल्यात आलेले नाही, म्हणून येथे नोंदवते. मला कोणताही आजार नाही. उद्या, सोमवारी, मी नगरपालिका निवडणुकीचा अर्ज भरणार आहे. प्रचाराच्या धावपळीत माझे काही बरेवाईट होईल अशी घरच्यांना भीती वाटते, म्हणून हा कागद. मी स्वतः इतकी आनंदात आहे की सही सरळ येईल की नाही, एवढीच शंका आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. माझ्या पश्चात ते पती भीमरत्न यांना हयातभर राहण्यास आणि त्यानंतर कन्या रचना हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. बँकेतील ठेवीही रचनाच्याच. माझी आई पारूबाई हिने विड्या वळून मला शिकवले. दारावरची तिच्या नावाची पाटी घर विकले तरी काढू नये. घेणाऱ्याला पटत नसेल तर दुसरे गिऱ्हाईक बघावे.

२. दवाखान्यातील खुर्ची नाक्यावरच्या सलूनचे मालक परशराम यांना द्यावी. ती वरखाली होते, मागेही झुकते. गिऱ्हाइकाने तिच्यात बसताच सवयीने आ केला, तर परशराम यांनी घाबरू नये.

३. शेजारी विक्रम आप्पा यांना काहीही देऊ नये. मागे मी एकदा निवडणुकीला उभी होते तेव्हा प्रचाराला जीप देतो म्हणाले, आणि मतदानादिवशी तीच जीप घेऊन पाहुण्यांना आणायला सांबऱ्याच्या विमानतळावर गेले. परत आले तेव्हा मतदान संपले होते. त्यांची कवळी मात्र मी बसवून देईन. ती त्यांनी मी जिवंत असेपर्यंत बसवून घ्यावी.

४. इंटरनेटवर कुणालाही लिहिता येईल असा जो मराठी ज्ञानकोश आहे, त्यात आमच्या त्या जुन्या निवडणुकीचे एक पान आहे. ते माझे नाही, कुणाचेच नाही, त्यामुळे मला ते कुणाच्या नावे करता येत नाही. पण त्याची हकीकत सांगितल्याशिवाय या कागदाला अर्थ नाही.

त्या निवडणुकीत मी अपक्ष उभी होते. आमच्या गल्लीतून एखादी बाई उभी राहण्याची ती पहिलीच वेळ. समोर होत्या शाल्मली हेरेकर, गावातल्या जुन्या वकील घराण्यातल्या. रचना तेव्हा कॉलेजात होती. मतमोजणी केंद्राबाहेर बसून मोबाइलवरून ती ते पान लिहीत होती. "मतमोजणी सुरू असून पहिल्या फेरीअखेर डॉ. उपासना माळगे आघाडीवर आहेत," एवढे लिहून झाले आणि मोबाइलची बॅटरी संपली. दुसऱ्या फेरीत मी पडले. पुढचे लिहायचा घरात कुणालाच धीर झाला नाही. तेव्हापासून गावात मी हरलेली आणि ज्ञानकोशात आघाडीवर! मन खट्टू झाले की मी ते पान उघडून बघत असे.

गेल्या वर्षी पुण्याहून रचनाचा फोन आला. "आई, तुझं पान काढायला लागल्यात!" बेळगावच्या आशुतोष नावाच्या संपादकाने पानावर सूचना लावली होती: कालबाह्य वार्तांकन, पान वगळावे का यावर मत द्या.

"आता तिथंबी पडतीस व्हय गं?" भीमरत्न म्हणाले. मला रडू फुटले तसे ते घाबरून चहा ठेवायला गेले.

मी चर्चेत लिहिले, हे पान गेले तर मी उभी होते हे कुणाला कळणार? आशुतोषने नम्रपणे उत्तर दिले: "ताई, हा ज्ञानकोश आहे, त्या दिवसाचं वर्तमानपत्र नव्हे. मतमोजणी अजून सुरू आहे असं वाचकांना कसं सांगायचं?" त्याचे बरोबर होते, म्हणून जास्तच राग आला.

मग खाली तिसऱ्याच कुणाचे मत आले. "ही निवडणूक मी जिंकले. पान ठेवावे. मी कुणाला हरवले तेच पुसले, तर मी जिंकले तरी कशी? शाल्मली हेरेकर." निकालापासून आम्ही एकमेकींना बघून रस्ता बदलत होतो. मी चपला घातल्या आणि थेट तिच्या दारात गेले.

"ये. येशील असं वाटलंच होतं," ती म्हणाली.

"पान राहील न्हवं?"

"निकाल लिहिला तर राहील. आणि त्याला पुरावा लागतो. माळ्यावर जुने पेपर आहेत, चल."

आम्ही दोघी माळ्यावर शिंकत बसलो. पेपर सापडले. आपापले फोटो बघून एकमेकींच्या केसांना हसलो. स्वतःविषयीचे पान स्वतः बदलू नये, बदल चर्चेत सुचवावा, असा तिथला नियम. म्हणजे माझ्या पराभवाचे वाक्य मीच सुचवायचे. माझे बोट मोबाइलवर अडून बसले.

"लिही गं. का मी लिहू?"

"तू लिहिलंस तर मताधिक्य वाढवशील!"

आम्ही इतक्या हसलो की तिचे यजमान केशवराव काय झाले म्हणून शिडीखाली येऊन उभे राहिले. मग मी एका दमात लिहिले: "दुसऱ्या व अंतिम फेरीत डॉ. माळगे यांचा पराभव झाला." लिहिले आणि पोटभर जेवल्यासारखे वाटले.

आशुतोषने पेपरांचे दाखले तपासून मजकूर दुरुस्त केला. चर्चेचा निकाल लागला: पान ठेवावे. पहिली फेरीही राहिली, फक्त "आहेत"चे "होत्या" झाले. आघाडीवर होत्या! आता ती आघाडी कुणाला मोडता येणार नाही.

त्याच संध्याकाळी शाल्मली म्हणाली, "मी आता उभी राहणार नाही. तू राहा. सूचक म्हणून सही माझी." मी त्या रात्री झोपले नाही, भीमरत्न यांनाही झोपू दिले नाही.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. ज्ञानकोशात माझ्या मृत्यूची नोंद कुणी केलीच, तर सोबत पुरावा द्यावा. आशुतोष ऐकून घेणार नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे भाचे ॲड. दीपंकर यांनी करावी.

७. माझी हिरवी इरकल साडी शाल्मलीला द्यावी, असे मी लिहिले होते. दीपंकर म्हणाला, "मावशी, साक्षीदाराला काही देऊ नये. उद्या कुणी शंका काढली तर? एक तर साडी, नाहीतर सही." शाल्मली शेजारीच बसली होती. तिने साडीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "पेन दे इकडं." म्हणून ते कलम रद्द केले आहे. साडी मी आत्ताच, सर्वांसमक्ष, तिच्या खांद्यावर टाकली. ती आता माझ्या मालमत्तेत मोडत नाही. उद्या अर्ज भरताना ती तीच नेसून माझ्यासोबत येणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्याच मनासारखा आहे.

सही: डॉ. उपासना भीमरत्न माळगे (तिरकी आली, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. शाल्मली केशव हेरेकर, माजी नगरसेविका, निपाणी
२. ज्योतिबा शिंत्रे, निपाणी

स्थळ: निपाणी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार