कापलेली तार

५ जानेवारी
दुपारी आगरदांड्याला पोचले. पनवेलच्या दुकानातल्या सोल्डरिंगच्या धुरानंतर इथली हवा छातीत घेताना बरं वाटतंय. मच्छीमार सोसायटीने कचेरीच्या वरची खोली राहायला दिली आहे. खिडकीतून धक्का आणि खाडी दिसते, आणि टेबलावर माझा पेशंट: जाड काचेचा पडदा असलेला जुना कॉम्प्युटर.

सोसायटीचे सेक्रेटरी चंदरदादा विनोदी माणूस. म्हणाले, यात कोंबड्या अंडी घालायच्या, आता तू प्रोग्राम घाल. तीस वर्षांपूर्वी तो खालच्या वायरलेस सेटला जोडलेला होता. प्रत्येक होडीवर एक पेटी बसवली होती. कॉम्प्युटर वायरलेसवरून होडीला तिच्या नावाने हाक द्यायचा, पेटी आपोआप आपली जागा कळवायची. पुढे मोबाईल आले आणि सगळं भंगारात गेलं. हा आणि खालचा वायरलेस सेट, एवढंच उरलं.

मला बोलावलं भागुबाईंनी. नवऱ्याची ‘हेमांगी’ होडी सत्त्याण्णव साली गेली, ती परतलीच नाही. शेवटची जागा कॉम्प्युटरमधल्या कार्डावर नोंदलेली असणार, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आहे. मुलगा दीपेश तेव्हा पाळण्यात होता. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न. त्याआधी त्या जागी नारळ-फुलं सोडून बापाचं कार्य उरकायचं आहे. भागुबाई अजून कुंकू लावतात. जेवण घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, “ठिकाणा तेवढा सांग, पोरी. मंग माझं मी बघीन.” नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. ‘हे’ म्हणतात. नाव चंदरदादांनी सांगितलं: दत्तात्रेय.

कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. दोन भाकऱ्या जास्तच झाल्या.

७ जानेवारी
यंत्र उघडलं. आत वाळू, झुरळं, एक माशाचं खवलं. कार्ड मात्र शाबूत आहे. टूथब्रश आणि स्पिरिटने पिना चमकवल्या. अशी लांब कार्डं आता बघायलाही मिळत नाहीत.

दोन गोष्टी हव्यात: कार्ड ते वायरलेस जोडणारी केबल आणि प्रोग्रामच्या फ्लॉपी. केबल खालच्या कपाटात सुतळीच्या गुंडाळ्यांमागे सापडली. तिच्यातली एकच तार कापलेली आहे, ज्या तारेवरून कॉम्प्युटर हाक पाठवतो ती. उंदराने कुरतडलेली नाही. कटरने नीट कापून दोन्ही टोकं वेगवेगळी काळ्या दोऱ्याने बांधली आहेत.

९ जानेवारी
जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर कार्डाचा फोटो टाकला होता. एकाने माणगावच्या अंबाजी मास्तरांचा नंबर दिला. ही यंत्रं त्यांनीच बसवली होती. आज जाऊन आले. मुख्य फ्लॉपी त्यांनी पापडाच्या स्टीलच्या डब्यात जपून ठेवली होती, बुरशीचा डागसुद्धा नाही! ती मला दिली.

अख्खी केबल जोडल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही, असं ते म्हणाले. त्यावर उपायही सांगितला. कार्डाच्या दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा अडकवायचा म्हणजे केबल जोडली आहे असं समजून कार्ड फसतं. नोंद वाचायची आणि यंत्र बंद करायचं. कापलेली तार जोडू नको, हे तीनदा सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, ते इलेक्ट्रॉनिक्समधलं नाही. निघताना पुन्हा फाटकापर्यंत आले. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

१० जानेवारी
फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा ताणून गेला होता, तो बदलला. संध्याकाळी धक्क्यावर फिरले. एका मुलीने निघालेल्या होडीतल्या काकाला नावाने हाक मारली, तर तिच्या आईने पाठीत धपाटा घातला. चंदरदादा म्हणाले, होडी सुटली की किनाऱ्यावरून नावाने बोलवायचं न्हाय. आणि जो गेला त्याला तर न्हायच न्हाय. मग हसून म्हणाले, तुझ्या पनवेलीत बायका नवऱ्याला नावाने ओरडतात, म्हणून बिचारे लवकर घरी येतात.

११ जानेवारी
मिळाली जागा!

तारेचा तुकडा अडकवून बसले होते, पण मनाला पटेना. पंधरा वर्षं हे काम करते आहे. दुसऱ्याच्या यंत्रात जुगाड करून पुढे गेलेली नाही. काळे दोरे सोडले, तार जोडली, वर नळी चढवली. प्रोग्राम एका झटक्यात उघडला, प्रत्येक होडीची शेवटची जागा पडद्यावर ओळीने आली.

भागुबाईंना बोलावलं. त्यातलं यांचं कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. जंजिऱ्याच्या बाहेर, खूप खोल पाण्यात. त्यांनी पदराने काच पुसली आणि तिथेच हात ठेवून बसल्या. दीपेशने आकडे मोबाईलवर उतरवून घेतले. रविवारी जायचं ठरलं. मला म्हणाला, ताई, लग्नाला यायचं, आणि नाचायचंसुद्धा.

ते गेल्यावर खालून वायरलेसची चिवचिव ऐकू आली. प्रोग्राम आपोआप जुन्या यादीतल्या होड्यांना हाका देत होता. चालू दिला. एवढी मेहनत केली, तर पूर्ण तपासणी होऊ दे.

१२ जानेवारी
एक उत्तर आलं आहे.

जुन्या पेट्या आता कुठल्याच होडीवर नाहीत. तरी पडद्यावर ‘हेमांगी’ आहे, आजची तारीख आहे, आणि पुढे आकडा ४. पेटीवर तांडेलासाठी, म्हणजे होडीच्या प्रमुखासाठी, चार बटणं असायची: एक म्हणजे सगळं ठीक, दोन बर्फ संपला, तीन इंजिन बंद, चार माणूस कमी.

कुणीतरी भंगारातली पेटी आपल्या होडीवर लावली असेल. दुसरं काय असणार? भागुबाईंना सांगितलं नाही.

१३ जानेवारी
जागा बदलली. कालच्यापेक्षा पुष्कळ अलीकडे. सरळ खाडीच्या तोंडाकडे. आकडा तोच.

केबल काढली. तरी उत्तर आलं. केबल माझ्या मांडीवर होती आणि पडद्यावर नवी ओळ उमटली.

अंबाजी मास्तरांना फोन केला. तार जोडलीस का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग सांगितलं. होडी गेल्यानंतरही कॉम्प्युटर हाका देत राहिला आणि ‘हेमांगी’ उत्तर देत राहिली: माणूस कमी. इथून एक होडी शोधायला गेली. ती परतली, पण एक खलाशी कमी होता. तो कधी पडला, कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी तार कापली. हाका थांबल्या, उत्तरं थांबली. मी म्हटलं, पुन्हा कापते. ते म्हणाले, तेव्हा ते लांब होते, पोरी. आता वाटेला लागलेत.

कॉम्प्युटर बंद करायला हात नेला, पण नाही केला. बंद केला तर ते कुठवर आलेत ते कळणार कसं?

१४ जानेवारी
आज संक्रांत. भागुबाई हळदीकुंकवाला जाऊन आल्या. बायका कुंकू लावताना त्यांच्याकडे बघत नव्हत्या. तिळगूळ द्यायला वर आल्या आणि मी पडदा झाकायच्या आत त्यांनी पाहिलं. वाचता येत नाही, पण त्या दिवशीची ओळ कुठे होती ते लक्षात होतं. आज खाली नवीन ओळी होत्या. मागून चंदरदादा आले आणि मोठ्याने वाचून गेले: हेमांगी. चार.

भागुबाईंना चारचा अर्थ ठाऊक होता. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी जे कळलं ते सगळं सांगितलं, हात जोडले. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. बापाला माणूस कमी पडतोय आणि घरात तरणा पोरगा हाय, असं काहीसं पुटपुटत उतरल्या. धावत दीपेशकडे गेले. तो हसला. बाबांची पेटी कुणी चोरून लावली असेल तर त्याला बघतोच, म्हणाला. मी त्याचा हात धरला. त्याने हळूच सोडवला. रविवारची वाट न पाहता दुपारच्या ओहोटीबरोबर तो गेला. एकटाच.

वायरलेसवर चंदरदादा त्याला बोलवत राहिले. दीपेश, दीपेश, मागे फिर. मी त्यांचं तोंड दाबायला हवं होतं. किनाऱ्यावरून, नावाने— आणि मीही ओरडत होते.

१५ जानेवारी
धुकं. दीपेशची होडी सापडली. नांगर टाकलेला. इंजिन चालू. टोपात भात, गरम. माणूस नाही.

‘हेमांगी’ जंजिऱ्याच्या आत आली आहे.

४.

अजून ४. त्याला नेलं तरी—

भागुबाई रडल्या नाहीत. धक्क्यावर बसून आहेत, हिरवं लुगडं नेसून.

१६ जानेवारी, सकाळ
चंदरदादा बायकामुलांना घेऊन चौलला बहिणीकडे गेले. मला गाडीत बस म्हणाले. बसले नाही. भागुबाई उठायला तयार नाहीत. त्यांना असं टाकून— मीच जोडली ती तार.

यंत्राचा प्लग काढला. खोलीत वीज नाही. पडदा चालू आहे. जागा आता धक्क्याचीच आहे.

खिडकीतून धुकं दिसतं. इंजिनाचा आवाज. जुनं इंजिन, टक टक टक. थांबलं.

भागुबाई उभ्या राहिल्या. त्या ओरडतायत— दत्तात्रेय, दत्तात्रेय— आयुष्यात पहिल्यांदा—

धुक्यातून दोरी आली. धक्क्यावर पडली. त्यांनी ती उचलली. होडी दिसत नाही. दोरी ताठ झाली आहे. त्या ओढतायत. नाही. त्यांनाच—

४.

धुक्याच्या आतून दीपेशचा आवाज येतोय. नेहमीसारखा. ताई, आईला एकटीला जमत न्हाय, जरा दोरी धरा.

उत्तर द्यायचं नाही. द्यायचं नाही.

शेवाळावर त्यांचे पाय घसरतायत. कडेला आल्या. हाक मारली तर ऐकत नाहीत. खाली जाऊन कमरेला मिठी मारून मागे खेचते, दोरीला हात लावणार नाही. फक्त त्यांना

ताई म्हणतोय

दोरीला हात न लावता फक्त त्यां—