परसदारची जुडी

३ डिसेंबर १९५२
वादळ होऊन तीन दिवस झाले, तरी लाकडं ओलीच. रॉकेल मिळत नाही. फुंकून फुंकून डोळे सुजले. आज त्रिपुराची फार आठवण झाली. माझी ही नणंद घरातलं काही टाकू द्यायची नाही. नारळाची शेंडी, समईच्या जळक्या वाती, संत्र्याची वाळकी साल – सगळ्याची जुडी वळायची. एका काडीत चूल धडधडायची.
यंदा आडीत, म्हणजे आषाढातल्या पुरात, कावेरीत गेली. देह मिळाला नाही.

५ डिसेंबर
पहाटे परसदार उघडलं. पायरीवर एक जुडी. कोरडी. शेंडी, वाती, साल.
शेजारच्या मामींना विचारलं. त्यांनी ठेवलेली नाही.

६ डिसेंबर
आज दोन. पेटवल्या. लगेच पेटल्या – आणि स्वयंपाकघरभर केस जळल्याचा वास. ह्यांनी पान बाजूला सारलं. म्हणाले, "स्मशानातला वास आहे हा." न जेवता कचेरीत गेले.

७ डिसेंबर
सासूबाईंना सांगितलं. मग म्हणाल्या, "दर्भाचा पुतळा करून जाळला ना तिचा? पावसात नीट जळला नाही. थंडी वाजत असेल तिला. तू पहाटे दार उघडू नकोस, वत्सला."

८ डिसेंबर
उघडलं नाही. दारापलीकडे बांगडी वाजली. त्रिपुरा विधवा, तिच्या हातात बांगडी कुठली?

१० डिसेंबर
धीर करून एक जुडी सोडली. आतून बांधायला दोरा होता – आंब्याच्या रंगाचं रेशीम, तुटके तुकडे गाठी मारून जोडलेले. एक तुकडा विस्तवात धरला. तोच केसांचा वास.
भूत रेशीम कुठून आणील? जवळच्या दारासुरम गावच्या विणकरांच्या मागावरचं आहे हे.
रात्री झोप नाही.

११ डिसेंबर
कडी काढून दाराआड उभी राहिले. उजाडता उजाडता ती आली. डोक्यावर पदर. मी पुढं होऊन हात धरला. हात ऊन होता.
पदर सरकला. जिचं डोकं दर महिन्याला तासलं जायचं तिच्या डोक्यावर बोट-बोट केस! पोट पुढं आलेलं.
"वैनी, ओरडू नको."
मी हात सोडला नाही.
दारासुरमला एका विणकराकडे असते. लग्न केलंय. "मागाखाली रेशमाचा कचरा रोज पडतो. पावसात तुझी चूल पेटत नसेल, म्हणून वळून आणते."
मी म्हटलं, आत चल. तिनं मान हलवली. "दादानं पुतळा जाळला ना? मग मला मेलेलीच राहू दे. जिवंत कळले तर तो तिथं येईल, आणि त्यांचा माग मोडेल."
पुढ्यात जुडी ठेवून गेली. मी दारातच बसले. किती वेळ, आठवत नाही.

१२ डिसेंबर
ह्यांना काही सांगितलं नाही. जेवताना माझ्याकडे बघत होते. मी खाली बघून भात वाढत राहिले. पोटाचं तर कुणालाच बोलणार नाही.

१४ डिसेंबर
दुपारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता हळूच म्हणाल्या, "सातवा लागला असेल आता तिला. बाळंतपणाला कुणी आहे का, विचार."